पिराजी सरांची कवायत

एका गावात, म्हणजे बोरजाईच्या वाडीत, एक भोळा पैलवान होता. त्याचं नाव पिराजी. अंगानं दांडगा, मनानं लोण्याहून मऊ. शंभर जोर मारायचा, दोनशे बैठका काढायचा. मधेच आकडा विसरला की पुन्हा एकपासून सुरुवात करायचा, त्यामुळे अंग फारच कमावलेलं होतं.

त्याला सांगाल ते तो करायचा, आणि सांगाल तेवढंच करायचा. एकदा शेजारचा म्हणाला, "पिराजी, माझी म्हैस जरा धर, आलोच." शेजारी गेला तो थेट बहिणीच्या गावी. दुसऱ्या दिवशी दुपारी परतला, तर पिराजी दावं धरून तिथंच उभा. म्हैस बसली होती, पण पिराजीला कुणी बस म्हणालं नव्हतं. तेव्हापासून गाव त्याला येडा पिऱ्या म्हणायचं आणि तो ओ द्यायचा.

गावच्या शाळेत पहिली-दुसरीची चाळीस पोरं होती. मुख्याध्यापिका म्हणजे बोडके बाई. एक दिवस तालुक्याहून पत्र आलं की, लहान मुलांना रोज खेळ आणि कवायत शिकवायला कुणीतरी ठेवा. महिनाभर बघा, मग साहेब येऊन बघतील आणि ठरवतील. गावात धडधाकट आणि रिकामा असा माणूस एकच होता. बाईंनी त्याच्या गळ्यात शिट्टी घातली.

पिराजी मैदानावर आला. चाळीस पोरं एका सुरात ओरडली, "नमस्ते सर."

पिराजीनं मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मागं कुणीच नव्हतं. मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं घाईघाईनं डोक्यावरची टोपी सरळ केली. घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं, "आई, पोरं मला सर म्हंत्यात." आईनं त्याच्याकडे नीट बघितलं आणि तोंड वळवून म्हणाली, "सर, हात धुवा, भाकरी वाढलीया." पिराजी त्या दिवशी चार भाकरी जास्त जेवला. महिना संपल्यावरही पोरांनी सर म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी बाईंना बैठकीला जायचं होतं. जाता जाता त्या म्हणाल्या, "सर, मुलांना रांगेत उभं करा. मी येईपर्यंत कुणाला हलू देऊ नका."

पिराजीनं रांग केली. पोरांना मजा वाटली. पुतळा-पुतळा खेळतोय असं समजून ती उभी राहिली. थोड्या वेळानं खिचडी शिजवणारी हौसाक्का पळी घेऊन आली.

"सर, पोरं पाठवा. खिचडी निवाय लागली."

"बाई येईपातूर कुनी हलायचं न्हाई."

"बरं, मग मी जाते."

"कुनी म्हंजी कुनीच न्हाई, आक्का."

हौसाक्का पळीसकट रांगेच्या टोकाला उभी राहिली. तेवढ्यात फाटकातून एक वासरू आत आलं. इकडेतिकडे बघत पडवीत गेलं आणि त्यानं खिचडीच्या पातेल्यात तोंड घातलं.

"सर, वासरू खिचडी खातंय," छबू म्हणाली. छबू ही पहिलीतली, रांगेत सगळ्यांत पुढची.

"खाऊ दे. ते रांगेत न्हाई."

बाई आल्या तेव्हा अंगणात एक्केचाळीस पुतळे होते आणि पोट टम्म झालेलं वासरू पडवीत झोपलं होतं. बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो सर, असं कुणी फाटकातून आत शिरलं की शिट्टी फुंकायची, हात पसरायचे, ओरडत अंगावर धावून जायचं आणि बाहेर घालवून फाटक लावायचं."

"ध्यानात ठेवतो, बाई," पिराजी म्हणाला. आणि तो ध्यानात ठेवायचा, पंचाईत हीच होती. घरी पोचेपर्यंत तो घोकत गेला. शिट्टी, हात, ओरडणं, फाटक.

दोन दिवसांनी पांढऱ्या साडीतल्या एक बाई हातात निळी पेटी घेऊन फाटकातून आत शिरल्या. पिराजीनं शिट्टी फुंकली. हात पसरले. "हुर्र, हाड, हाड," करत तो धावून गेला. पोरांना एवढा चांगला खेळ त्याआधी कुणी शिकवला नव्हता. तीही हात पसरून त्याच्या मागं सुटली. पांढऱ्या साडीतल्या बाई पुढे, निळी पेटी त्यांच्या गुडघ्यावर आपटतेय, मागं पैलवान, त्याच्या मागं चाळीस पोरं. बाई ग्रामपंचायतीत शिरल्या आणि त्यांनी आतून कडी घातली. पिराजीनं परत येऊन फाटक लावलं.

"बाई, खिचडी वाचिवली," त्यानं सांगितलं.

बोडके बाईंनी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. "अहो, त्या दवाखान्यातल्या सिस्टर. मुलांना लस टोचायला आल्या होत्या. अशा वेळी मुलांना एकेक करून मांडीवर घ्यायचं, घट्ट धरायचं, डोळ्यांवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, काही नाही, मुंगी चावेल तेवढंच."

सिस्टरांची समजूत काढून त्यांना परत आणायला बाईंना दोन कप चहा लागला. पोरांना लस टोचली. टोचताना पिराजी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून होता, कारण तो दिसला तर पेटी उघडणार नाही असं सिस्टरांनी आधीच सांगितलं होतं. तिथं बसून तो घोकत राहिला. मांडी, घट्ट, डोळे, मुंगी.

पुढच्या आठवड्यात फोटोवाला आला. दरवर्षी शाळेचा एक फोटो काढून कचेरीत लावायची पद्धत होती. बाई नवी साडी नेसून मधे बसल्या. पोरं भांग पाडून तीन ओळींत उभी राहिली. फोटोवाला डोळा बारीक करून कॅमेऱ्याजवळ वाकला आणि म्हणाला, "तयार?"

पिराजीनं त्याच्याकडे पाहिलं. परगावचा माणूस. हातात काळी पेटी. पोरं समोर रांगेत. त्याला काय ओळखायचं ते ओळखू आलं. त्यानं झटकन दोघांना मांडीवर घेतलं आणि बाकीच्यांना सांगितलं, "एकमेकाचं डोळं झाका. घट्ट धरा. काई न्हाई, मुंगी चावंल तेवढंच."

ती मुंगी कशी चावते हे पोरांना आता चांगलं ठाऊक होतं. चाळीसच्या चाळीस पोरांनी भोकाड पसरलं. फोटोवाल्यानं घाबरून बटण दाबलं. तो फोटो अजून कचेरीत आहे. त्यात चाळीस उघडी तोंडं दिसतात आणि एकाचाही डोळा दिसत नाही. बाईंचेही दिसत नाहीत, कारण छबू त्यांच्या शेजारी उभी होती आणि ती सरांचं ऐकणारी मुलगी होती.

"सर," बाई फार हळू बोलल्या, "माणसं अशी ओळीत उभी असली आणि तोंडं पाडून असली की त्यांना हसवायचं असतं. वेडंवाकडं तोंड करायचं, बेडकासारख्या उड्या मारायच्या. सगळे हसेपर्यंत थांबायचं नाही."

"एवढंच व्हय? आदी सांगायचं न्हाई का," पिराजी म्हणाला. आईसमोर त्यानं सराव केला. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. आपल्याला हे जमतंय, याचा त्याला फार आनंद झाला.

आता गावात बापूसाहेब म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. शाळेला जागा त्यांनीच दिली होती. ते त्याच आठवड्यात नव्वदाव्या वर्षी वारले. शोकसभा शाळेच्या मैदानावर ठेवली. सगळा गाव जमला. सरपंच भिकूनाना पुढे, बापूसाहेबांचे दोन्ही मुलगे त्यांच्या बाजूला, मागं पोरं. सरपंच म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू."

सगळा गाव ओळीत उभा राहिला, तोंडं पाडून.

पिराजीनं एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे बघितलं. मग तो मधे गेला, डोळे फिरवले, जीभ नाकाला लावली आणि बेडकासारखी उडी मारली. पहिली उडी सरपंचांपुढे पडली. दुसरी बापूसाहेबांच्या फोटोपुढे. पोरांमधून एक खिक्कन आवाज आला. मग न्हावी हसला. मग बाया तोंडाला पदर लावून हलायला लागल्या. एकटे सरपंच ओठ घट्ट मिटून उभे होते. पिराजीला सगळे हसेपर्यंत थांबायचं नव्हतं, म्हणून तो त्यांच्याभोवती उड्या मारत फिरला. चौथ्या फेरीला सरपंच फुटले आणि असे हसले की त्यांचा फेटा सुटला. बापूसाहेबांचा थोरला मुलगा डोळे पुसता पुसता खिदळला, आणि मग त्याचा त्यालाच राग आला.

राग सरपंचांनाही आला. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले होते. त्यांनी त्याच दिवशी तालुक्याला कळवलं की, हा माणूस शाळेत नको.

बाईंनी पिराजीला समोर बसवलं. "अशा वेळी डोक्यावरची टोपी काढायची. मान खाली घालायची. दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. नंतर एवढंच म्हणायचं की, आपल्यातून गेले, फार चांगले होते. आणि आता ऐका. शनिवारी खेळांचा कार्यक्रम आहे. तालुक्याचे साहेब येताहेत. तुम्ही राहायचं की जायचं, ते लिहून देणार."

"न्हाई ऱ्हायलो तर पोरं मला सर न्हाई म्हणायची?"

"नाही म्हणणार," बाई त्याच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघत म्हणाल्या.

त्या दिवशी आईनं सर म्हणून हाक मारली तरी पिराजी जेवला नाही.

शनिवारसाठी बाईंनी मुद्दाम सोपा खेळ निवडला, संगीत खुर्ची. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी पिराजीला नियम समजावून सांगितला. "हौसाक्का थाळी वाजवेल. वाजतंय तोवर खुर्च्यांभोवती फिरायचं. वाजायचं थांबलं की दिसेल त्या खुर्चीवर बसायचं. जो उभा राहील तो बाद. मग तो कुणी का असेना, भीडभाड ठेवायची नाही."

सराव सुरू झाला. शाळेत खुर्च्या होत्या आठ. नऊ पोरं फिरली. हौसाक्कानं थाळी थांबवली. आठ पोरं बसली आणि छबू उभी राहिली.

"छबू बाद," पिराजी म्हणाला. छबू रिंगणाबाहेर गेली आणि खालचा ओठ पुढे काढून उभी राहिली. ती खेळातून गेली याचं पिराजीलाही वाईट वाटलं. मग कुणी गेल्यावर काय करायचं ते त्याला आठवलं. त्यानं टोपी काढली. शिट्टी फुंकून सगळ्यांना उभं केलं. माना खाली घालायला लावल्या. दोन मिनिटं मैदानावर चिडीचूप शांतता होती. मग तो जड आवाजात म्हणाला, "छबू आपल्यातनं गेली. लई चांगली पोरगी हुती."

कुंपणाच्या बाहेरून छबूची आई गवताचा भारा घेऊन चालली होती. तिनं भारा टाकला आणि हंबरडा फोडला. पाच मिनिटांत अर्धा गाव धावत आला. तोवर कुणाला मान वर करायचं सुचलं नव्हतं. छबूसुद्धा पोरांच्या शेजारी मान खाली घालून स्वतःसाठी उभी होती. आईनं तिला आधी पोटाशी धरलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला.

गर्दी पांगल्यावर बाई पायरीवर बसल्या. रागवायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. "सर, बाद झालं म्हणजे काही वारलं नाही. बाद झालं की मूल हिरमुसतं. डोळ्यांत पाणी येतं. मग त्याला उचलून कडेवर घ्यायचं, नाक पुसायचं, तोंडात लिमलेटची गोळी घालायची. हसेपर्यंत खाली ठेवायचं नाही. कळलं?"

"कळलं," पिराजी म्हणाला.

"काय कळलं?"

"कडेवर, नाक, गोळी, हसंपातूर खाली न्हाई."

एकही शब्द चुकला नव्हता. तरी बाईंनी ते त्याच्याकडून आणखी दोनदा म्हणवून घेतलं. शनिवारपर्यंत पिराजीनं पोरांकडून रोज सराव करून घेतला. पोरं इतकी तयार झाली की शाळेची घंटा थांबली तरी बसायची, हौसाक्का भांडी घासायची थांबली तरी बसायची. पिराजीनं खिसाभर गोळ्या घेऊन ठेवल्या.

शनिवार उजाडला. साहेब आले. त्यांचं आडनाव हिरवे. वजन नव्वद किलो, मिशा झुपकेदार. नोकरीच्या वीस वर्षांत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, असं त्यांच्याबरोबर आलेल्या शिपायानं बाईंना आधीच सांगून ठेवलं. आठही खुर्च्या व्यासपीठावर मांडल्या होत्या. मधे साहेब, एका बाजूला सरपंच, दुसऱ्या बाजूला बाई, बाकीच्यांवर पंच मंडळी. पिराजी पोरांना घेऊन खाली उभा होता. तो गोळ्यांचा खिसा पुन्हा पुन्हा चाचपत होता. आज काय ते ठरणार होतं, आणि त्याला एकही चूक करायची नव्हती.

साहेबांच्या स्वागताला हलगी वाजायला लागली. साहेब हार घालून घ्यायला उठले. ते उठले म्हणून सरपंच उठले. सरपंच उठले म्हणून सगळेच उठले. हलगी कडाडली, साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला, आणि हलगी थांबली.

आठ खुर्च्या. सगळ्या रिकाम्या. वाजायचं थांबलेलं.

पोरांनी व्यासपीठावर झेप घेतली. छबू बाईंच्या पायांमधून घुसली आणि साहेबांची खुर्ची तिनं पटकावली. एका खुर्चीवर तीन पोरं बसली, एकीवर पाच. सरपंच मागं न बघता बसले ते दुसरीतल्या एका मुलाच्या मांडीवर बसले आणि दचकून पुन्हा उठले. साहेबही खुर्ची रिकामी आहे असं समजून बसायला लागले, आणि खुर्चीत छबू आहे हे कळून अर्ध्यातच थांबले.

पिराजीनं शिट्टी फुंकली.

"साहेब, तुमी बाद."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"मी कोण आहे माहीत आहे का?" साहेबांनी विचारलं.

"कुनी का असंना, साहेब. उबा ऱ्हाईल तो बाद. भाईर या."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ओठ थरथरला. त्यांच्यापुढे उदबत्त्यांचा जुडगा पेटवून ठेवलेला होता, त्याचा धूर डोळ्यांत गेला असेल, किंवा वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणी खुर्चीवरून उठवलं म्हणूनही असेल. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पिराजीनं ते पाहिलं आणि त्याचं काळीज हललं.

तो पुढे झाला. त्यानं हारासकट साहेबांना उचललं आणि कडेवर घेतलं.

नव्वद किलोचे साहेब पैलवानाच्या कडेवर बसले. त्यांचे बूट दोन्हीकडे लोंबत होते. पिराजीनं आपल्या टोपीनं त्यांचं नाक पुसलं. मिशा पुसल्या. साहेबांनी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं त्यात लिमलेटची गोळी टाकली.

"खाली ठेव," साहेब गोळीच्या मागून म्हणाले.

"आदी हसा, साहेब."

"मी म्हणतो खाली ठेव."

"मीबी तेच म्हंतोय. हसलासा की ठेवतो."

सरपंच पुढे धावले आणि तिथंच थांबले. साहेबांना ओढावं तर कुठून ओढावं, हे त्यांना कळेना. पिराजी साहेबांना थोपटत व्यासपीठावर येरझाऱ्या घालायला लागला. एक फेरी झाली. दोन झाल्या. त्याच्या कपाळावर घाम आला, पण त्यानं हात सैल सोडला नाही. "रडू नगा," तो हळू आवाजात सांगत होता, "बाद सगळीच हुत्यात. म्होरल्या खेपंला तुमीच जिंकाल."

तेव्हा साहेबांच्या खुर्चीत मांडी घालून बसलेली छबू म्हणाली, "साहेब, हसा की आता. सरांचं हात दुखाय लागलं असत्याल."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली आपल्या लोंबत्या बुटांकडे पाहिलं. गोळी त्यांनी या गालातून त्या गालात नेली. मिशी आधी एका बाजूनं हलली, मग दुसऱ्या बाजूनं, आणि मग साहेब हसले. असे हसले की पिराजीसकट हलायला लागले. शिपायानं घाईघाईनं तारीख लिहून घेतली.

पिराजीनं त्यांना अलगद खाली ठेवलं.

साहेबांनी शेरेबुक मागवलं. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून उभ्यानंच बराच वेळ लिहिलं, सही केली आणि वही बाईंच्या हातात दिली. सरपंच मान लांब करून बघत होते. पिराजी टोपी मुठीत धरून उभा होता. त्याला वाचायची भीती वाटत होती, आणि वाचता येतही बेताचंच होतं.

बाईंनी पहिली ओळ मोठ्यानं वाचली. "पिराजी सरांना कायम करावे."

"साहेबांनीबी सरच लिवलंय?" पिराजीनं विचारलं.

"सरच लिहिलंय."

पिराजीनं टोपी डोळ्यांवर धरली.

"पण का?" सरपंचांना राहवेना. "कारण काय लिवलंय?"

बाईंनी पुढची ओळ वाचली. "खेळात बाद झालेल्या लहान मुलाला हे शिक्षक आईच्या मायेने सांभाळतात. याची खात्री मी स्वतः त्यांच्या कडेवर बसून करून घेतली आहे."